भित्र्या यमुनाबाई

यमुनाबाई भित्र्या आहेत, याबद्दल देवासच्या त्यांच्या अख्ख्या कॉलनीत कोणाला शंका नव्हती. त्यांना स्वतःला तर मुळीच नव्हती. लहानपणी धारला, दिवेलागणीनंतर अंगणात उतरायचं तर त्या आईचा पदर धरायच्या आणि भावंडं फिदीफिदी हसायची. लग्नानंतर हेच पाहुण्यांना रंगवून सांगण्याचं व्रत नवऱ्यानं, कृष्णरावांनी, घेतलं. रात्रीच्या लग्नांना ही येत नाही, गच्चीवर निजत नाही, घरभर दिवे जाळते. चारचौघांत बायकोची थट्टा करण्यात काय गोडी असते, देव जाणे! यमुनाबाई ते हसण्यावारी न्यायच्या. इतरांना जे धैर्य मिळालं ते आपल्या वाट्याला आलं नाही, एवढंच त्या मनाशी धरून होत्या.

यंदा नातीनं, कॉलेजात शिकणाऱ्या अपेक्षानं, कॉलनीत हवामानबदलाचा विषय काढला. उन्हाळा दरसाल लवकर येतोय, बोअर आटतायत. तेव्हा एका संध्याकाळी सगळ्यांनी तासभर दिवे बंद ठेवून गच्चीवर जमायचं. त्यासाठी तिनं घरोघर नाकदुऱ्या काढल्या. आजीला मात्र म्हणाली, तू खाली बैस, तुझ्यापुरता एक बल्ब चालू ठेवू. यमुनाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. नातीच्याच घरात दिवा राहिला, तर लोक पोरीला नावं ठेवणार. आज काही झालं तरी घाबरायचं नाही, असं ठरवून त्या उजेडातच गच्चीवर जाऊन बसल्या.

साडेआठला दिवे गेले. दूर टेकडीवर देवीच्या देवळाचे दिवे तेवढे लुकलुकत होते. बाकी सगळं काळंकुट्ट. यमुनाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आजूबाजूला लोक मजेत फिरत होते, ‘भिया, जरा सरको’ म्हणत वाट काढत होते, समोरच्या गच्चीवरच्या माणसांना नावानं हाका मारत होते. काय ही सोंगं, असं यमुनाबाईंना वाटलं.

“आजी, देख तो, काय चांदणं पडलंय,” अपेक्षा शेजारी येऊन म्हणाली. “सगळं साफ दिसतंय.”

आता मात्र यमुनाबाईंना राग आला. माणसाची थट्टा करावी तरी किती! त्यांनी हात वर केला. तो हात त्यांना स्वतःलाही दिसत नव्हता.

“सांग, किती बोटं?”

“तीन.”

त्यांनी बोटं बदलली. “आता?”

“एक. आजी, ये क्या...” अपेक्षा थबकली. “तुला दिसत नाहीये?”

यमुनाबाईंनी हात खाली घेतला. “तुला दिसतं? अंधारात?”

“चांदण्यात सगळ्यांनाच दिसतं, आजी.”

सगळ्यांना! म्हणजे हसणाऱ्या भावंडांना दिसत होतं. रात्री विहिरीवर बिनधास्त जाणाऱ्या सासूबाईंना दिसत होतं. उभा जन्म गेला आणि हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. भित्र्या बाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार?

कृष्णराव तिथंच उभे होते. त्यांच्या घसा खाकरण्याच्या आवाजाकडे यमुनाबाईंनी तोंड वळवलं.

“अहो, मी भित्री नव्हते,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नव्हतं.”