गुरुवारचे कण

हुमनाबादच्या पुढे, तुरीच्या शेतांमधून गेलेल्या रस्त्यावर आमचा कारखाना आहे. तिथे इंजेक्शनच्या बाटल्या भरतात. ज्या खोलीत भरतात तिथली हवा दिवसरात्र गाळली जाते, आणि आत जायचं तर आधी चेंज रूममध्ये हात धुवायचे, मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा गाऊन चढवायचा. डोळे तेवढे दिसतात, त्यांवरही चष्मा. खोलीतली हवा स्वच्छ आहे की नाही हे बघणं माझं काम. म्हणजे पगार मला धूळ नसल्याचा मिळतो.

नवीन माणसांना शिकवायचंही माझ्याकडेच. कारखाना सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्गात मी रडकुंडीला आलो होतो. समोर बसलेल्यांत कुणी कानडी, कुणी मराठी, कुणी दखनी बोलणारे, बहुतेक जण तिन्ही बोलणारे. पण ‘कंटॅमिनेशन’ म्हणजे काय, हे मला तिन्हींपैकी एकाही भाषेत सांगता येईना. ‘दूषितीकरण’ म्हणून पाहिलं. सगळे फळ्याकडे बघत राहिले. ‘डोळ्यांना न दिसणारी घाण’ म्हटलं, तर एकजण म्हणाला, “दिसत न्हाई तर घान कशी म्हनायची, सर?” प्रश्न चोख होता. दुपारचे दोन वाजले होते, भूक लागली होती, आणि मी म्हणून गेलो, “विटाळ. समजा, आतल्या खोलीला आपला विटाळ होऊ द्यायचा नाही.”

सगळ्या माना एकदम हलल्या. कानडी बोलणाऱ्यांना शेजारच्यांनी ‘मैलिगे’ म्हणून सांगितलं. त्यांच्याही हलल्या.

इतकी वर्षं झाली, पण त्या वेळी मला किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. मी राजेश्वर गावचा, बौद्ध घरातला. हा शब्द माझ्या वडलांनी आयुष्यात तोंडातून काढला नाही आणि घरात कुणाला काढू दिला नाही. कामून काढू दिला नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी तो फळ्यावर लिहिला, नंतर सूचनांच्या कागदावर लिहिला, खाली सही केली. कागदाला नंबर मिळाला, तो लॅमिनेट झाला आणि चेंज रूमच्या भिंतीवर लागला. ‘आतल्या खोलीत विटाळ होऊ देऊ नये.’

त्या पहिल्या वर्गात एक अक्का होत्या, दुबलगुंडीच्या, आमच्यातल्याच. मी शब्द लिहिला तेव्हा त्यांची मान हलली की नाही, हे मी पाहिलं नाही. आधी त्या बाहेरचं अंगण झाडायच्या. शिकून, परीक्षा देऊन आत आल्या. आतली खोली पुसणं म्हणजे घर पुसणं नव्हे. फडकं एकाच दिशेला न्यायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा, घडी बदलायची, मागे फिरायचं नाही. अक्कांच्या हातात ते इतकं बसलं की मी नव्यांना काचेबाहेर उभं करून त्यांचं काम दाखवायचो. आतल्या कामाचा मान वेगळा, पगारही वेगळा, आणि गाऊन घातलेल्या माणसाला गावचं, घरचं कुणी विचारत नाही. अक्कांना ती खोली आवडायची. एकदा म्हणाल्या होत्या, “आत समदे सारकेच दिसतेत, सर.”

गेल्या वर्षी कण मोजायच्या यंत्रावरचा आकडा वाढू लागला, आणि तोही फक्त गुरुवारी. मी गाळण्या तपासल्या, दारांचे रबर तपासले, गाऊन बदलून पाहिले. जंतूंसाठी ठेवलेल्या प्लेटांवर काहीच उगवत नव्हतं. म्हणजे जे होतं ते कोरडं होतं, कुणाच्या अंगातून आलेलं नव्हतं. हे मी शिफ्टच्या इनचार्जला दोनदा समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुरुवारी आठवड्याची मोठी पुसनी असती, सर. त्या दिशी आत कोन असतंय, त्ये बघा की.”

“अक्का असतात. मग?”

“मग काय. इटाळ कुनाचा हाय, त्ये समद्यांना ठावं हाय. तुमालाच तेवडं दिसंना.”

मी चिडलो. पुरावा काय, म्हणून विचारलं. तो म्हणाला, पुरावा कशाला, ‘पुसणी अपुरी’ एवढं लिहा, त्यांना थोडे दिवस कँटीनला देऊ, वरून फोन यायलेत. वरून खरंच फोन येत होते. हैदराबादचे साहेब रोज कारण मागत होते. कारण म्हणून कागदावर काहीतरी हवं होतं. मी ‘तात्पुरती बदली’ असं लिहिलं आणि सही केली. माझ्या सह्या अशाच असतात. तात्पुरत्या.

अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. “म्या पुसायला चुकले व्हय, सर?”

“नाही, अक्का.”

“मग भायेर कामून काढायलास?”

चार वर्षं ‘सर, तुमी’ म्हणणाऱ्या बाईनं मला एकेरीत विचारलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“आकडा वाढलाय म्हणून. थोडे दिवस.”

“ती मानसं म्हनायलीत, माज्यामुळं इटाळ व्हायलाय. त्यो शब्द तुमीच शिकवलाव, सर. फळ्यावर लिवून.”

त्या कँटीनला गेल्या.

पुढच्या गुरुवारी आकडा पुन्हा वाढला. अक्का आत नव्हत्या, त्यांच्या जागी दुसरं माणूस होतं. मी आकड्यांचा कागद घेऊन इनचार्जकडे गेलो. तो बघून म्हणाला, “अजून इटाळ उतरला नसंल.” त्या क्षणी त्याच्या डोक्यात ते यंत्र घालावंसं वाटलं. यंत्र महाग आहे.

मी कँटीनला गेलो. अक्का टेबलं पुसत होत्या, एकाच दिशेनं, घडी बदलत, मागे न फिरता. सांडलेल्या सांबारासाठी. मी त्यांना विचारलं, गुरुवारी आत काही वेगळं दिसायचं का.

“दिसायचं की. मदल्या सुट्टीत चेंज रूमचा बाक पुसायले की फडक्याला करडी भुकटी यायची. गुरुवारीच.”

“मग सांगितलं का नाही?”

“इचारलं कुनी?” त्यांनी फडक्याची घडी बदलली. “भस्म हाय त्ये, सर. गुरुवार न्हाई का, दत्ताचा.”

मी तिथल्या बाकावर बसलो. आमच्या घरात गुरुवार हा नुसता गुरुवार होता. महिनाभर मी तो वार कागदावर बघत होतो आणि त्यात मला यंत्राचा बिघाड दिसत होता. या टापूतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं झोपेत सांगितलं असतं.

बाटल्या भरणाऱ्या यंत्रावर आमचे सगळ्यात जुने अण्णा होते, गाणगापूरच्या पुजारी घरातले. शांत माणूस, कामात चूक नाही. रोज आंघोळ करून यायचे, बाहेरचं काही खायचे नाहीत. गुरुवारी मात्र गावाकडून आणलेल्या भस्माची पुडी सोबत असायची. चेहरा आणि हात धुतल्यावर भस्म निघून जातं, म्हणून ते धुऊन झाल्यावर, अगदी आत जायच्या दारापाशी, ती पुडी उघडून कपाळाला आणि दंडाला लावायचे. मग त्यावर गाऊन, चष्मा. वाकले की भुकटी गळायची.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते मनापासून चकित झाले. “सर, भस्मानं विटाळ जातो. भस्मानं विटाळ होईल कसा?”

माझ्याच शब्दात त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांनी सूचना अक्षरशः पाळली होती.

पुडी बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायची ठरली. अण्णांनी लगेच मानलं. पुढच्या गुरुवारी आकडा खाली आला. कुणी त्यांची बदली केली नाही, करायची गरजही नव्हती. पण भस्म सापडलं त्या दिवशी इनचार्जपासून हमालापर्यंत कुणाच्याही तोंडून विटाळ हा शब्द निघाला नाही. सगळ्यांना एकदम ‘पार्टिकल’ हा इंग्रजी शब्द आठवला. “पार्टिकल हायेत, सर, निसते. व्हतंय असं.”

अक्का परत आत आल्या. कुणी त्यांना ‘आमचं चुकलं’ म्हटलं नाही. मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “खोली बिगडली तर तुमी तीन दिवस आकडे बघून परत चालू करता. माजे आकडे कोन बघनार?” आणि गाऊन घालायला निघून गेल्या.

तो शब्द काढायचा असं मी ठरवलं. पण नंबर असलेला कागद असा फाडता येत नाही. बदलाचा अर्ज भरावा लागतो, त्यात ‘बदलाचे कारण’ असा रकाना असतो. मी त्यात ‘भाषांतरातील चूक’ असं लिहिलं. हैदराबादच्या साहेबांचा फोन आला. माणसांना सूचनेचा अर्थ कळत नाही का, त्यांनी विचारलं. कळतो, मी म्हणालो. मग बदल कशाला, ते म्हणाले. उलट या सूचनेचा उपयोग चांगला होतोय. अर्ज परत आला. मी पुन्हा पाठवला, पुन्हा आला. आता तिसरा पाठवलाय. नव्या वर्गात मी ‘धूळ’ म्हणतो. मुलं भिंतीवरचा कागद वाचतात आणि मान हलवतात.

चेंज रूममधली प्रत्येक वस्तू रोज अल्कोहोलनं पुसायची असते. बाक, आरसा, कड्या, आणि भिंतीवरचा तो लॅमिनेट केलेला कागदही. ते काम अक्कांकडे आहे. सकाळी काचेतून मी बघतो. एका दिशेनं फडकं नेतात, घडी बदलतात, मागे फिरत नाहीत. त्यांचं काम चोख असल्यामुळे माझं अक्षर अजून लांबूनही वाचता येतं.