साहेब सासरे झाले तो दिवस

आमची राखीव पोलिसांची कंपनी तेव्हा गडचिरोलीच्या दक्षिणेला, जंगलातल्या पोस्टवर होती. मी सेक्शन कमांडर होतो. सकाळी रोड ओपनिंग, म्हणजे सुरुंगासाठी रस्ता तपासणं, दुपारी शस्त्रसफाई, संध्याकाळी व्हॉलीबॉल. पावसाळ्यात पुढचा नाला भरला की गाडीरस्ता बंद.

दुखणीखुपणी नाईक आत्राम पाहायचा. तो आमचा नर्सिंग असिस्टंट, कोरचीकडचा. सर्दी झाली, वाफ घे. अंग दुखलं, झोप काढ. पोट बिघडलं, मीठ-साखरेचं पाणी पी. "एवढ्याले डॉक्टर कायले लागते?" म्हणून हसायचा. पण हुडहुडी भरून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायला बोटाला सुई टोचायचा. त्यात सूट कोणालाच नव्हती, साहेबांनाही नाही.

श्रावणात हवालदार मेश्रामला ताप आला. मूल गावचा गडी, व्हॉलीबॉलमध्ये आमचा स्मॅशर. सुईला मात्र भ्यायचा.

"मले काई नाई झालं. पावसात भिजलो न, म्हणून."

"बोट दे, भाऊ."

मलेरिया निघाला. आत्रामने गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी उलटीत पडली. पुन्हा दिली, तीही पडली.

दुपारी कंपनी कमांडर साहेब विचारपूस करायला बराकीत आले. मेश्राम खाटेवर उठून बसला आणि त्याने हात जोडले.

"या, सासरेबुवा. तुमची पोरगी वावरात गेली हाये, येतेच आता."

सगळी बराक खदखदून हसली. साहेबही हसले.

आत्राम हसला नाही. खाटेजवळ उकिडवा बसला.

"भाऊ, आपण कुठी आहो?"

"मूलच्या बसस्टँडवर. काऊन?"

आत्राम उठून सावधानमध्ये उभा राहिला. "सर, गोळी पोटात टिकून नाई राह्यली. आता याचं भान चाललं. हे माझ्या हातातलं नाई. डॉक्टर पाहिजे, आत्ताच."

"नाल्याला पाणी आहे. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"पाणी उतरन, सर. हा तवरक टिकणार नाई."

साहेबांनी वायरलेस सेट हातात घेतला. "कंट्रोल, एक पेशंट, सीरियस. नाल्यापलीकडे ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"नाला कसा पार करणार? ओव्हर."

"खाटेवर. आऊट."

अर्धं सेक्शन रस्ता तपासत पुढे गेलं. बाकीच्यांनी खाट खांद्यावर घेतली. नाल्याच्या दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला. पाणी छातीला लागलं. आत्राम सलाइनची बाटली उंच धरून खाटेला चिकटून चालत होता. मध्यावर माझा पाय घसरला, खाट कलली. वरून मेश्राम ओरडला, "सर्व्हिस माझी!" कोणी हसलं नाही. दोर घट्ट धरून पलीकडे पोचलो.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मलेरिया मेंदूत चढला होता, वेळेत आणलंत. मेश्राम नीट शुद्धीवर आला तेव्हा आत्राम आणि मी शेजारी होतो.

"साहेबाले मी काई बोललो का रे?"

"नाई," आत्राम म्हणाला, "फक्त सोयरीक जुळवली."

त्या दिवशी मात्र आम्ही इतके हसलो, की सिस्टरने आम्हाला बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी गस्तीवर असताना चकमक झाली. जखमी जवानाला पट्टी बांधताना आत्रामला गोळी लागली. तो तिथेच गेला.

आता मेश्राम आणि मी, दोघंही रिटायर्ड. दर दिवाळीनंतर कोरचीकडे आत्रामच्या घरी जातो. त्याची आई आधी मेश्रामच्या कपाळाला हात लावून पाहते, मग माझ्या.

"ताप नाई," म्हणते, आणि दोघांना जेवायला बसवते.