वेसण घातलेलं इंजिन

पालीच्या धरणावर ती मला एकदाच दिसली. नाव विचारायची छाती झाली नाही. थंडी अशी, की धरणातलं पाणीही गोधडी मागत होतं. ती मात्र पदर खोचून होडीच्या जुनाट इंजिनाची दोरी ओढत होती. पलीकडच्या काठाला तिची जाळी लावलेली होती. ऊन चढलं की जाळ्यात अडकलेले मासे मरतात, आणि शिळ्या माशाला बाजारात कुणी हात लावत नाही.

इंजिन ढिम्म. पेट्रोलचा वास तेवढा आष्टीपर्यंत गेला असेल.

"मावशी, चोक अजून ओढा," मी काठावरूनच, मफलरमधून सल्ला दिला.

"कावून? ओढून ओढूनच त्याला पेट्रोल लई झालंय. आन् मला सल्ले लई झाले. गप बसा, दादा!"

तिनं चोक आत ढकलला, वेगाचं थ्रॉटल पूर्ण उघडलं आणि हिसक्यावर हिसके दिले. तळहात सोलला, तर पदर गुंडाळून ओढलं. शेवटी इंजिन असं डरकाळलं, की पार कडा गावातल्या म्हशींनी दूध चोरलं. पण थ्रॉटलची केबल गंजलेली. थ्रॉटल उघडंच अडकलं आणि होडी उधळली. तिनं थ्रॉटलला चक्क बैलाची वेसण बांधून ठेवली होती. ती खेचत ओरडली, "हो, हो! दमानं चल बे!" लोखंडानं मुकाट ऐकलं.

थोड्या वेळानं पलीकडून तिनं एक मासा उंच धरला. तो तडफडत होता.

"जित्ता हाय!" तिचा आवाज पाण्यावरून आला.

मी दोन्ही हात वर केले, जणू मासा मीच धरला होता.