गोळ्या दोघांच्या

डॉक्टरबाईंनी गोळ्यांची दोन पाकिटं टेबलावर ठेवली. "हे तुमचं, हे त्यांचं. दोघांनी एकदमच सुरू करायचं आणि संपेपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं." वर्षभरात हे मी त्यांच्याकडून दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्या वेळचं 'त्यांचं' पाकीट अजून आमच्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांशेजारी, न फोडलेलं पडून होतं.

मला पीआयडी झाला होता. म्हणजे खालून शिरलेला जंतुसंसर्ग गर्भाशयात आणि तिथून गर्भनलिकांपर्यंत चढतो. ओटीपोट ठणकतं, अंगावरून वास येणारं पाणी जातं, कणकण भरते, नवऱ्याजवळ जाणं नको होतं. आमच्या गल्लीत या सगळ्याला 'कंबर धरलीय' म्हणतात आणि शेक घेतात. बाईंनी कागदावर दोन बारीक नळ्या काढून दाखवल्या. "दर वेळी इथं व्रण राहतो. या चिकटल्या की दिवस राहणं अवघड. तुम्ही बऱ्या झालात आणि त्यांनी गोळ्याच घेतल्या नाहीत, तर पुन्हा त्यांच्याकडून हेच घेणार."

मला मूल हवं होतं. लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं आणि सासरी माझ्या नावाने दोन नवस बोलून झाले होते.

नवरा शिरोलीत फौंड्रीत सुपरवायझर आणि पेठेतल्या तालमीचा अध्यक्ष. रोज संध्याकाळी, म्हशी समोर पिळून देतात त्या कट्ट्यावर, धारोष्ण दुधाचा पेला उभ्याउभ्या रिकामा करायचा, हा त्याचा तब्येतीचा दाखला.

"दुखतंय तुला आणि गोळ्या मी खाऊ?" तो म्हणाला.

"पुरुषाला दिसत नाही, पण असू शकतं. बाईंनी सांगितलंय."

"गोळी घेतली म्हणजे मला कायतरी झालंय असं कबूल केल्यागत झालं की. आणि गोळीच्या आधी-मागं दूध नको म्हणे. कट्ट्यावर काय सांगू?"

माझ्या अंगात हे दुखणं आलं कुठून, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

त्याच आठवड्यात, मार्चमध्ये, तालमीने महिला आरोग्याचा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुण्या म्हणून नेमकं माझ्याच डॉक्टरबाईंना बोलावलं. फ्लेक्सवर त्यांचा फोटो पासपोर्टएवढा, अध्यक्षांचा फेट्यासकट कमरेपर्यंत. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर. नारळ देणारा एक, शाल उलगडणारा दुसरा, आणि फोटोत आपण येतोय ना हे बघणारे बाकीचे. स्त्री ही शक्ती आहे, असं प्रत्येक वक्त्याने सांगितलं. पहिल्या रांगेतल्या शक्ती पदराने वारा घेत बसल्या होत्या. बाईंना शेवटची दहा मिनिटं मिळाली.

त्यांनी ती वाया घालवली नाहीत. ओटीपोटाचं दुखणं अंगावर काढू नका, बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, एवढं बायकांना सांगून त्या मागे उभ्या असलेल्या पुरुषांकडे वळल्या. "आणि डॉक्टरांनी सांगितलं तर नवऱ्यांनीही गोळ्या घ्यायच्या. आपल्याला काही होत नाही म्हणून बसायचं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, ठराव करून घ्या." हशा पिकला. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात.

घरी आल्यावर मी त्याचं पाकीट आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"टाळ्या वाजवल्यात ना."

"त्या जनरल बोलत होत्या," फेटा सोडत तो म्हणाला.

मी माझी गादी गुंडाळली आणि बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या कॉटशेजारी नेऊन टाकली. त्या टीव्ही बघत होत्या.

"काय झालं गं?"

सांगितलं. हळू आवाजात नाही. मला काय झालंय, ते कसं चढतं, नळ्या कशा चिकटतात आणि नवस बोलण्याऐवजी कुणी काय गिळायला हवं.

"अगं हळू, शेजारी ऐकत्यात," नवरा आतून म्हणाला.

"ऐकू देत. मघाशी अख्ख्या पेठेनं माइकवरून ऐकलंच की."

सासूबाई शाहूवाडीच्या. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "माझं बी असंच ठणकायचं," त्या म्हणाल्या. "दोन पोरांवर पिशवीच काढून टाकली. तुझ्या सासऱ्याला कुणी गोळी दिली न्हाई." मग आत बघून म्हणाल्या, "ये भाईर. आणि दुधानं नगं, पाण्यानं घे."

त्याने घेतल्या. पाकीट संपेपर्यंत रोज मी समोर उभी राहून त्याला तोंड उघडून दाखवायला लावलं. गादी तोवर बाहेरच राहिली.

पुढे नळ्यांचा एक्स-रे काढला. डावी बंद निघाली, उजवी उघडी आहे. "पहिल्याच वेळी दोघांनी घेतल्या असत्या तर," बाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. मला ते अजून सोडता येत नाही.

नवऱ्याने मात्र तालमीत नुकतंच लग्न झालेल्या, बायकोसोबत गोळ्या घ्यायला नको म्हणणाऱ्या एकाला सांगितलं, "घे की, मीबी घेतल्या." चांगलं केलं. त्यावरून तालमीत त्याचं इतकं कौतुक झालं की या मार्चला 'आदर्श पती' म्हणून सत्कार करायचं ठरलं. दोन कार्यकर्ते घरी आले. "वहिनी, शाल तुमच्या हस्ते द्यायची."

"देते की," मी म्हटलं. "पण मग मला दहा मिनिटं बोलायला हवीत. डाव्या नळीपासून सुरुवात करीन."

चहा न घेताच गेले. अजून फिरकलेले नाहीत.