प्लास्टिकचा हात आणि म्हशीची धार

बायको जाऊन दोन वर्षं झाली. लोकांना वाटतं मी दुःखात आहे. दुःख आहेच, पण त्याच्याखाली राग होता, आणि तो मी कोणाला सांगितला नाही. लकव्यानं तिचा उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि माझ्या मते तिनं बरं व्हायचा प्रयत्नच केला नाही. मला सोडून जायचं तिनं ठरवलं होतं.

व्यायाम शिकवणारी बाई सांगून गेली होती, हात हलत नसला तरी रोज मनात उचलायचा. मी खाटेजवळ बसून म्हणायचो, उचल. हात गोधडीवर तसाच. एक दिवस बोलून गेलो, "तुलेच उठायचं नाही. आराम गोड लागला तुले." तिनं तोंड भिंतीकडे केलं. आईचं करायला आलेली मुलगी तिथंच होती. म्हणाली, "बाबा, करून राहिली आई."

"मले डोळे नाहीत का?" मी म्हटलं.

त्यानंतर तिला उचल म्हटलं नाही. चार महिन्यांनी ती गेली.

त्या मुलीची मुलगी यंदा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा फोन आला. "आबाजी, तुमचं डोकं पाहिजे."

"घेऊन जाय. तसंही रिकामंच हाये."

"टक्कल हाये म्हणून पाहिजे. केसांत वायरी नीट बसत नाहीत."

बार्शीटाकळीहून गेलो. कॉलेजातल्या थंड खोलीत तिनं डोक्याला गार, चिकट लेप लावून टोपी चढवली. टोपीच्या वायरी कॉम्प्युटरला. समोर टेबलावर प्लास्टिकचा पांढरा हात. त्याची मूठ मी मनानं मिटवायची होती.

मी मनात म्हटलं, मीट. मग बैलाला दरडावतो तसं दरडावलं. हात ढिम्म.

"त्याले हुकूम नका देऊ आबाजी. तुमचा हात हलवा, पण हलवू नका."

"हलवू का नको? एक काय ते सांग."

"मनात हलवा. हाताले पाठ असन असं काम करा."

चौथी शिकलेल्या माणसाला पाठ काय असणार? म्हशीची धार. चाळीस वर्षं काढली.

हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले. पहाटेचा गोठा आला. ओल्या वैरणीचा वास आला. म्हशीचा कोमट श्वास आला. बायको वगारीला मिठीत धरून बाजूला उभी, पदर डोक्यावर, त्या पिल्लाशीच काहीतरी पुटपुटत. मी मूठ आवळली, सोडली, आवळली. बादलीत धार आधी वाजते, फेस चढला की आवाज मऊ होतो. त्या मऊ आवाजात किती वेळ होतो कोण जाणे. तिथं कोणी आजारी नव्हतं.

"आबाजी, डोळे उघडा."

पांढरा हात मिटत होता, उघडत होता. माझा मांडीवर पडलेला, मेल्यासारखा.

"माझ्यानं हलला हा?"

"तुमच्यानंच. मनात हलवलं की डोक्यात उमटते. मशीन ते वाचते."

"लकवा मारलेल्याचंही उमटते?"

ती हसायची थांबली. "पुष्कळांचं उमटते. त्यांच्यासाठीच तर करून राहिलो आमी."

मी टोपी काढू दिली नाही. तसाच बसलो. मशीन बायकोच्या डोक्याला कधी लागली नव्हती, तेव्हा खात्री कोण देणार? पण मला पटलं. ती उचलत होती. मी गोधडी पाहत होतो.

परतताना अकोल्याला मुलीच्या घरी उतरलो. मुलगी मेथी निवडत होती. चपला न काढताच म्हटलं, "तुझी आई करून राहिली होती."

"मंग? म्हटलं नव्हतं का मी?"

"तुले कसं समजे?"

"तुमी गोठ्यात गेले का आई मले डोळ्यानं हाताकडे दाखवे. पाह्य म्हणून." तिनं मान वर केली नाही. "मी म्हणो, हललं वं आई, बोट हललं. मंग झोपे."

"हले का?"

"कुठचं हलते बाबा. खोटंच सांगो मी. अजून मनाले लागते ते."

"खोटं नव्हतं ते," मी म्हटलं, आणि मशीनचं सगळं तिला सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. दोघं निवडत बसलो.