शोधाची इर्जिक

शैलजाबाईंच्या ग्रंथालयात पाऊल ठेवणाऱ्याला दोन नियम आधी कळत: येथे मोठ्याने बोलायचे नाही आणि येथे काही खायचे नाही. दुसऱ्या नियमाची पाटी त्यांनी स्वहस्ते लिहून दारासमोर लावली होती. तिच्यापुढे प्राचार्यांचा चहादेखील बाहेर थांबत असे. भोरच्या त्या महाविद्यालयात बाई ग्रंथपाल म्हणून आल्या, तेव्हा कपाटांना कुलपे होती आणि किल्ल्या हरवलेल्या होत्या. पुढे संगणक आले. इतरांना ते निकाल छापण्याचे यंत्र वाटले. बाईंना मात्र त्यात कुलूप नसलेले एक अफाट कपाट दिसले. ते कपाट लावायचे कसे, हे त्या चिकाटीने शिकल्या. कोठे प्रबंध ठेवलेले असतात, कोठे जुनी गॅझेटिअरे पानन् पान उतरवलेली आहेत, कोणत्या नियतकालिकाचे मागचे अंक फुकट वाचायला मिळतात, हे सारे त्यांना आपल्या आळीतल्या घरांसारखे ठाऊक झाले. विद्यार्थ्यांना त्या सांगत, “ग्रंथ शेपटाकडून वाचावा. आधी संदर्भसूची, मग प्रस्तावना. लिहिणारा कोणाच्या घरी जेवून आला आहे, ते तिथे कळतं.”

अशा या बाईंकडे राजनंदिनी आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. ती वेल्ह्याकडच्या एका डोंगरगावची. नसरापूर, कापूरहोळ अशा गाड्या बदलत भोरला पोचलेली. भातलावणीच्या वेळी सारे गाव एकाच्या शेतात उतरते, मजुरी घेत नाही, ढोलाच्या तालावर काम उरकते आणि सायंकाळी शेतधन्याच्या घरी जेवते; पुढे तो धनीही पाळीने इतरांच्या शेतात राबायला जातो. त्या इर्जिकीवर तिला पीएच.डी. करायची होती. मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त होते. पूर्वीच्या अभ्यासकांनी या प्रथेविषयी काय म्हटले आहे, ते समितीपुढे दाखवता आले पाहिजे; नाही तर विषय बदलावा. समितीची बैठक जवळ येत चालली होती.

“बाई, पुरावे आणलेत की,” म्हणत तिने वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून छापून आणलेले कागद पुढे ठेवले.

बाईंनी ते शांतपणे वाचले. सगळ्यांत तेच परिच्छेद, त्याच चुका. लेखकाचे नाव एकातही नाही. त्या म्हणाल्या, “बाळ, हे अनेक साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराचे अनेक फोटो आहेत, आणि त्याचाही चेहरा दिसत नाही.”

मग बाई स्वतः शोधायला बसल्या. ‘शोधगंगा’ या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर हजारो प्रबंध; ‘इर्जिक’ मराठीत लिहून पाहिले, इंग्रजीत लिहून पाहिले. कोठे शब्दकोशातली एखादी ओळ, कोठे कवितेतला उल्लेख. अभ्यास म्हणावा असे काहीच नाही. जिच्याकडून आजवर कोणी विन्मुख गेले नव्हते, त्या स्त्रीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात राजनंदिनीच्या आईचा, मंगलबाईंचा फोन आला. गावात रेंज केवळ देवळामागच्या टेकाडावर मिळे. म्हणून त्या वाऱ्याशी भांडत ओरडून बोलत. साऱ्या ग्रंथालयाला ऐकू गेले.

“घावलं का गं?”

“न्हाई ना, आई. कुठंच न्हाई.”

“आगं, माझ्या म्हायेरला तरी कुठं इर्जिक म्हनत्यात? तिकडं पडकई म्हनत्यात. नाव कायबी असू दे. मानसं बलवायची, काम उरकायचं, जेवाय घालायचं. भात हाय तितं ह्ये असतंयच!”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शहरात वाढलेल्या आपल्यासारखीने नामाचा हट्ट धरला आणि रूप पाहायचे राहून गेले, हे त्यांना लख्ख उमगले. आता नाव न शोधता प्रथेचे वर्णन शोधायचे: श्रमाची देवघेव, भातशेती, मजुरीऐवजी भोजन. मात्र वाटा एकदम इतक्या फुटल्या, की एका माणसाने सगळ्या चालणे अशक्य.

“राजनंदिनी, तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?”

“इर्जिक घालत्यात, बाई.”

शनिवारी दुपारी संगणकांपुढे सहकारी आणि विद्यार्थी बसले. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक वाट आली. इतिहासाचे प्रद्युम्न सर, ज्यांचा स्वतःचा प्रबंध कित्येक वर्षे तिसऱ्या प्रकरणात रुतलेला होता, खुर्ची ओढत म्हणाले, “बाई, आता आम्हांला औताला जुंपणार तर!”

“बैल मिळाले असते तर तुम्हांला तसदी दिली नसती.”

शैलजाबाई खुर्च्यांमागून फिरत राहिल्या. “लिहिणारा कोण? तो स्वतः गेला होता का? शेपूट पाहा, शेपूट.” अखेरीस एका मुलीला सिंचनावरचा एक प्रबंध मिळाला. विषय भलताच, पण आतल्या एका प्रकरणात शेजारच्या तालुक्यांतल्या परस्परश्रमाचे प्रत्यक्ष पाहून केलेले वर्णन होते. त्याच्या संदर्भसूचीतून एका नियतकालिकातला लेख सापडला, त्या लेखातून जुन्या पाहणीचा अहवाल, आणि अहवालाच्या तळटीपेत राजनंदिनीच्याच खोऱ्याचे नाव. प्रद्युम्न सरांनी ते मोठ्याने वाचले. कोणी त्यांना गप्प केले नाही.

त्याच वेळी दारात मंगलबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरच्या टोपलीत तांदळाच्या भाकरी आणि वालाची उसळ.

“ढोल न्हाई आनला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हितं आवाज चालत न्हाई म्हनं.”

“जेवणही चालत नाही हो,” कोणीतरी पुटपुटले.

“जेवल्याबिगर इर्जिक सुटत न्हाई, बाई.”

शैलजाबाईंनी एकवार दारासमोरच्या, स्वतः लिहिलेल्या पाटीकडे पाहिले. ती त्यांनी काढली नाही. त्यांनी वर्तमानपत्रांच्या टेबलाचे एक टोक धरले, प्रद्युम्न सरांना दुसरे धरायला लावले आणि टेबल व्हरांड्यात नेले. तेथे पंगत बसली. त्या दिवशी बाई सर्वांत शेवटी उठल्या.

समितीने विषय मान्य केला. राजनंदिनीने टेकाडावरूनच फोन केला. मागे वारा आणि आईचा आवाज एकमेकांत मिसळले होते. आनंद सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बाई, आता मला कुणाच्या शेतात जायचंय?”

बाईंनी समोर पाहिले. प्रद्युम्न सर वर्तमानपत्रामागे लपण्याच्या खटपटीत होते.

“सरांच्या,” बाई म्हणाल्या. “शनिवारी ये. जमीन पुष्कळ वर्षं पडीक आहे.”