पाउंडची तीन घरं

आमच्या इंग्रजीच्या सरांचा एक नियम होता. ज्याला उत्तर आलं त्यानं न आलेल्यांपुढे जायचं, डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्यानं थोबाडीत द्यायची. हळू दिली तर "अशी द्यायची" म्हणून सर देणाऱ्याच्याच गालावर वाजवून दाखवत. त्यामुळे मैत्री-बित्री कुणी बघत नसे.

सर जवळच्याच गोरेगावहून भाड्याच्या जीपनं यायचे. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचं ते वर्ष. मी आठवीत, आमच्या बौद्धवाड्यातून शाळेत येणारी एकटी मुलगी. सर मारकुटे, पण शब्द सांगायला लागले की ऐकत राहावं. पाउंड म्हणजे वजन आणि पाउंड म्हणजे इंग्रजांचं चलन, हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेले, कारण ते चलन मुळात पाउंडभर चांदीच्या मोलाचं. पाउंड म्हणजे गुरांचा कोंडवाडा, तो जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द. आणि पाउंड म्हणजे कुटणं, ते तिसऱ्याच घरचं. "तीन घरची माणसं एका छपराखाली राहून राहिली," असं सर म्हणायचे. मला ते फार आवडलं. भाकरी थापता थापता मी तेच घोकायची.

आठ दिवसांनी त्यांनी तेच विचारलं. वर्गात मला एकटीलाच आलं. "चल, कर सुरू," सर म्हणाले. पहिल्याच बाकावर मालकाचा पोरगा बसलेला. माझा बाप त्यांच्याकडे सालगडी होता. मी थांबले, पण खोटं कशाला बोलू, भीतीनं नाही. दोन वर्षं हा मला पाण्याच्या माठापासून हाकलत आला होता. ते सगळं हातात उतरलं. नाक धरलं आणि अशी ठेवून दिली की त्याच्या ओठातून रक्त आलं. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

त्याच संध्याकाळी मालकानं शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी, बापाला बैल हाकायच्या काठीनं झोडपलं. "मारलं ते मारलं, माह्या पोराला शिवली कशी?" असं तो दर फटक्याला विचारत होता. बापाचा उजवा हात कोपरात मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. आई मला म्हणाली, "उद्यापासून तोंडाला कुलूप घाल."

दुसऱ्या दिवशी सरांनी 'बार्क' विचारला. झाडाची साल, कुत्र्याचं भुंकणं, होडी. तिन्ही मला येत होते, कुठून आले तेही. मी खाली मान घालून बसले. कुणालाच आलं नाही म्हणून सरांनी सगळ्यांना छड्या मारल्या, मला दोन जास्त. त्यांना कळलं असावं.

घरी बाप बाजेवर पडला होता.

"आज काय इचारलं सरानं?"

मी सांगितलं.

"तुला येत व्हतं?"

"व्हय."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुला पुन्ना मारतील, बा."

तो कसाबसा उठून बसला. मला वाटलं, जवळ घेतोय. त्यानं डाव्या हातानं अशी थोबाडीत मारली की मी चुलीपाशी जाऊन पडले.

"हाड माहं मोडलं, अन् वाचा तुही बसली व्हय?"

त्याआधी त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मारून तोच रडायला लागला.

सकाळी सर वर्गात आल्या आल्या मी उभी राहिले आणि न विचारता 'बार्क'चे तिन्ही अर्थ सांगितले. मग पहिल्या बाकाकडे निघाले.